पाठ केलेला रस्ता

माझा मुलगा बावन्न वर्षांचा आहे आणि त्यातली सत्तावीस वर्षं त्याने गाडीत बाजूच्या सीटवर काढली आहेत. तो गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, हा शेजारी, आणि याच्या पायाखाली एक जादाचा ब्रेक. आजवर लोकांनी त्याला भिंतीवर नेलंय, विजेच्या खांबावर नेलंय. एका बाईंनी तर फुलांच्या दुकानात पार आतपर्यंत नेलं. तो बाहेर आला, केसांतल्या पाकळ्या झटकल्या आणि म्हणाला, "छान. आता रिव्हर्स शिकू." तेव्हापासून त्याचं नाव ब्रेकमास्तर. घरी टीव्हीवर कोणी जिन्यावरून घसरताना दिसलं तरी सोफ्यावर बसल्या बसल्या त्याचा पाय खाली दाबला जातो.

आवाज चढवणं त्याला माहीत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पाठांतर. एकदा डोक्यात गेलेलं बाहेर पडत नाही. रस्त्यात एक साहेब भेटले तर यानं विचारलं, "क्लच अजून झटक्यानेच सुटतो का हो?" साहेबांना गाडी शिकून नऊ वर्षं झाली होती. ते बिचारे बायकोसमोर लाल झाले.

त्याची मुलगी म्हणजे माझी नात टिल्ली. लहानपणी मुठीत मावेल एवढी होती म्हणून टिल्ली. आता दारातून येताना मान वाकवते. टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायचं काम करते आणि उरलेल्या वेळात रॅली चालवते. रॅली म्हणजे शर्यतच, पण सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. कच्च्या रस्त्यावर दोन-दोन मिनिटांनी एकेक गाडी सोडतात, एकटी. भांडण घड्याळाशी. वळणापलीकडे काय आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही. ते बाजूचा माणूस वहीतून वाचून सांगतो, आणि चालवणारा त्याच्या शब्दावर गाडी झोकून देतो. टिल्लीच्या बाजूला तिचा बाप बसतो. दुसरा कोण बसणार? सत्तावीस वर्षं तो तयारीच करत होता म्हणा ना.

वळणांना आकडे असतात. एक म्हणजे एवढं आवळलेलं वळण की गाडी जवळजवळ उभी करावी लागते. सहा म्हणजे रस्त्याने नुसती मान वळवलीय. "डावा चार, शंभर, उजवा दोन, आवळतो, कापू नको." शंभर म्हणजे पुढे शंभर मीटर सरळ, कापू नको म्हणजे वळणाची आतली कड धरून जायचं नाही. आमच्या घरात माणसंही याच आकड्यांत मोजली जातात. सुनेला मी साडेतीन म्हणते. ती मला एक म्हणते, आणि वर "बाहेर कडा" असं जोडते, म्हणजे चुकलं की थेट दरीत.

मागच्या खोलीत पूर्वी माझी ट्रंक आणि गाद्या असायच्या. तिथे आता टिल्लीची खोटी गाडी आहे. भंगारातल्या गाडीची एक सीट लोखंडी चौकटीवर ठोकलेली, पुढे स्टिअरिंग, खाली पेडल, बाजूला पाइपचा हँडब्रेक. हे सगळं गॅरेजमधल्या पान्याने जोडून दिलं. त्याला सगळे पानाच म्हणतात. हातात दुसरं काही कधी दिसलेलंच नाही. समोर भला मोठा टीव्ही. टिल्ली त्याला सिम्युलेटर म्हणते. पडद्यावर रस्ता धावतो, स्टिअरिंग हातात थरथरतं, गाडी आदळली की सीटखालून गुरगुर येते. आदळली तरी लागत कोणाला नाही, म्हणून मला ती गाडी आवडायची. त्या खेळात आतून एक बाई वळणं सांगते. टिल्लीने तिचं तोंड बंद केलं आणि शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बापाला बसवलं. खेळातल्या रस्त्याच्या नोंदीही तो स्वतःच्या वहीत लिहितो आणि रोज संध्याकाळी तासभर वाचतो. मी दारात बसून ऐकते.

माझ्या जिवाला घोर लागला तो एका कप चहामुळे.

त्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत झाडायला गेले. हातात चहा होता. वही स्टुलावर उघडी होती. कप कलंडला आणि चहा पानावर. मी पदराने टिपलं, वही मिटली, वर फडकं ठेवलं, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर आले. दुपारी हळूच पाहिलं तर गोड चहाने दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. सोडवायला गेले असते तर फाटली असती. म्हटलं, संध्याकाळी बोलणी खाऊ.

संध्याकाळी सराव सुरू झाला. मी मटार सोलत दारात. ती चिकटलेली पानं जवळ आली तशी माझी बोटं थांबली. त्याने पान उलटलं, दोन्ही पानं एक होऊन उलटली, आणि तो पुढे म्हणत राहिला. "उजवा पाच, टेकाड, डावा तीन, लांब." अडखळला नाही. टिल्लीची गाडी पडद्यावर बिनबोभाट वळली.

वाचलो, असं मला आधी वाटलं. सात-आठ शेंगा सोलून झाल्यावर हात पुन्हा थांबले. चिकटलेल्या पानांच्या आत जे होतं, ते याने वाचलं कशातून?

मग मी नीट कान दिला. मी दुसरीपर्यंत शिकले आहे आणि दुसरी मी पाठांतरावर पास झाले. पुस्तकावरून बोट फिरवायचं आणि धडा धडाधड म्हणायचा. वाचणारा माणूस ओळ संपते तिथे जरा थांबतो. पाठ म्हणणारा श्वास संपतो तिथे थांबतो. हा फरक पदवीवाल्यांना कळायचा नाही. ज्याने ती लबाडी केली आहे त्यालाच कळतो. माझा मुलगा श्वासाला थांबत होता.

मग एकेक आठवायला लागलं. दोन महिन्यांपासून त्याने संध्याकाळचे शिकाऊ बंद केले होते. म्हणायचा, गर्दी फार असते. वहीत जाड मार्करने बोटाएवढी अक्षरं काढायचा. पेल्यात पाणी ओतताना पेल्याच्या काठाला बोट लावून ओतायचा. परवा जिन्यात शेजाऱ्यांच्या सुनेला "काय हो, गुडघा कसा आहे?" म्हणून विचारलं. गुडघा तिच्या सासूचा.

दुसऱ्या दिवशी सून शिलाईच्या कारखान्यात गेली, टिल्ली दुकानात गेली. मी त्याच्यापुढे वही ठेवली.

"हे पान उघड."

त्याने नखाने उघडायला पाहिलं. "चिकटलंय."

"कालपासून चिकटलंय. काल सकाळपासून. चहा मी सांडला."

त्याने वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तुला कपसुद्धा नीट धरता येत नाही, आई."

"विषय बदलू नकोस. किती दिसतं?"

"दिसतं ग. लांबचं बरं दिसतं. ऊन समोर असलं की दुधातून बघितल्यासारखं होतं. आणि गाडी हलायला लागली की अक्षरं एकमेकांवर चढतात."

"डॉक्टर?"

"मोतीबिंदू म्हणतात. दोन्ही डोळ्यांत. एक आधी करायचा, मग दुसरा. अडीच-तीन महिने हेल्मेट नाही, धक्के नाहीत."

"मग कर की."

"आणि तिच्या बाजूला कोण बसेल?"

मी म्हटलं, "आणि वर्षाची डोळे तपासणी असते ना तुमची? तिथे कसा सुटलास?"

तो खाली बघून हसला. "रांगेत माझ्यापुढे तिघे होते. तिघांनी तक्ता मोठ्याने वाचला."

हसू मलाही आलं. ते आलं नसतं तर बरं झालं असतं. कारण हसल्यावर माणूस अर्धा विरघळतो. त्याने हात धरला. तीन आठवड्यांनी मोसमातली मोठी रॅली होती. तिच्यात टिल्ली तिच्यासारख्या गाड्यांच्या वर्गात पहिल्या तिघांत आली तर एक मोठी टीम तिला बोलावून तिची परीक्षा घेणार होती. बारा वर्षं मुलगी यासाठी झुरत होती. नवा वाचणारा तीन आठवड्यांत कुठून आणायचा? त्याचा आवाज, त्याची लय, सगळं तिच्या अंगात भिनलेलं. "ही एक होऊ दे, आई. पाठांतर माझं कधी चुकलंय का? तू सांग."

कधी चुकलं नव्हतं. मी टिल्लीला काही सांगितलं नाही. 

रॅलीच्या दोन दिवस आधी पाहणी असते. गाडी हळू चालवून रस्ता बघायचा आणि नोंदी लिहायच्या. टिल्ली बोलते, तो लिहितो; हळू चालताना मोठी अक्षरं त्याला जमतात. मग त्या वहीची पाठांतरं. आम्ही एका शाळेच्या वर्गखोलीत उतरलो होतो. टिल्ली पान्याबरोबर गाडीपाशी असायची आणि आम्ही मायलेक बाकावर समोरासमोर. तो डोळे मिटून म्हणायचा, मी वहीवर बोट ठेवून तपासायचे. माझं वाचन म्हणजे बैलगाडी, पण त्याची अक्षरं मोठी, शब्द तेच ते. डावा, उजवा, टेकाड, खडी, आवळतो. सत्तर पानं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मला भीती तर वाटत होतीच, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटत होता. भीतीपेक्षा तो जास्त वाईट.

टिल्ली मध्येच आत आली. "आजी, तू काय परीक्षा घेतेस का त्याची?"

"नापास करणार आहे," मी म्हटलं. ती हसत निघून गेली. मला पाणी प्यावं लागलं.

सून आली नाही. ती कधीच येत नाही. निघताना म्हणाली होती, "आई, फोन फक्त सगळं संपल्यावर करा. मध्ये केलात तर मी उचलायची नाही."

रॅलीच्या सकाळी तीन रस्ते होते आणि दुपारी तेच तीन रस्ते पुन्हा. सकाळचे तिन्ही झाले. प्रत्येक वेळी गाडी गेली की मी पान्याच्या औजारपेटीवर बसून मनातल्या मनात वही म्हणायचे, जेवढी आठवेल तेवढी. तिन्ही वेळा ती धुळीने माखून परत आली. टिल्ली वर्गात तिसरी. पान्याने तर निकालाच्या बोर्डावरच्या आकड्यावर बोट टेकवून ठेवलं, जणू तो उडून जाईल.

मग गाडी दुरुस्तीच्या तळावर आली. अर्धा तास मिळतो. टिल्ली पान्याबरोबर गाडीखाली काहीतरी बघत होती. तेवढ्यात आयोजकांचा माणूस आला आणि सगळ्या गाड्यांना एकेक कागद वाटत गेला. दुसऱ्या रस्त्यावरचा लहान पूल सकाळी एका गाडीच्या धक्क्याने कडेला खचला होता. म्हणून दुपारी रस्ता दगडाच्या खाणीतून वळवला होता. सव्वा किलोमीटरचा नवा तुकडा, आणि त्याची वळणं कागदावर छापलेली. मुंगीएवढ्या अक्षरांत.

माझ्या मुलाने कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उन्हाकडे पाठ केली. मग घडी घालून माझ्याकडे आला.

"आई, चल जरा पलीकडे."

तंबूच्या मागे पाण्याचे डबे रचले होते. तिथे बसलो. "वाच," तो म्हणाला.

"मला नाही रे एवढं बारीक…"

"चष्मा आहे ना तुझा? हळू वाच. वेळ आहे."

मी वाचलं. एकेका ओळीवर बोट ठेवत, अक्षराला अक्षर लावत. तो डोळे मिटून, ओठ हलवत. चार वेळा वाचलं. पाचव्यांदा तो एकटा म्हणाला, आणि मी दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजत गेले, ओळीला एक पेर. चार बोटांची बारा पेरं. तो थांबला तेव्हा करंगळीचं शेवटचं पेर रिकामं राहिलं. वाटलं, मध्ये कुठे माझा अंगठा सरकला असेल.

"झालं," तो म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून उठला. आईच्या डोक्यावर मुलाने असा हात ठेवायचा नसतो, पण त्याला ते सुचलं खरं. कागद माझ्या मांडीवरच राहिला.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी कागद घडी करायला घेतला आणि खाली एक ओळ दिसली: एकूण १२.

करंगळीकडे पाहिलं. मग पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. उजवा चार, साठ. डावा तीन, खडी. उजवा तीन, लांब. आणि त्याच्या खालची ओळ मी पहिल्यांदाच वाचत होते. डावा एक, बाहेर कडा. त्याच्याखाली पुन्हा उजवा तीन, आवळतो. दोन उजवे तीन होते. माझं बोट वरच्यावरून खालच्यावर उतरलं होतं, पाचही वेळा, आणि मधलं वळण मी गिळलं होतं. त्याने माझी चूक एका अक्षराचीही चूक न करता पाठ केली होती.

खाणीतला डावा एक. बाहेर कडा. तिथे तो तिला उजवा तीन सांगणार होता, आणि ती त्याच्या शब्दावर गाडी झोकणार होती.

मला चौऱ्याहत्तरावं संपलेलं. मी पळाले असं पाना म्हणतो. मला फक्त चपला सुटल्याचं आठवतं. गाडी तळाच्या फाटकाच्या रांगेत उभी होती. दोघांची हेल्मेट चढलेली, पट्टे आवळलेले. गाडीच्या आतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या पाइपांतून दोन गोल डोकी दिसत होती. बापाची खिडकी माझ्या बाजूला होती. मी तिच्यावरून पुढे गेले. बॉनेटला धरून वळसा घातला आणि मुलीची काच वाजवली.

टिल्लीने काच खाली केली. "आजी, काय झालं? कोणाला लागलं का?"

"हा कागद. तुझ्या बापाला दिसत नाही. मी वाचून दाखवला आणि मी एक वळण गाळलं. कड्याचं वळण."

"दिसत नाही म्हणजे?"

"मोतीबिंदू आहे. वही तो वाचत नाही. पाठ म्हणतो."

तिने मान वळवली. बाप समोर बघत होता. हेल्मेटमुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मांडीवरची वही आणि तिच्यावरचे हातमोजे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अडीच-तीन महिने," बाप म्हणाला.

"म्हणजे मागची रॅलीही?"

"एकही चुकलं नाही, टिल्ली."

"नाही चुकलं ते मला माहीत आहे. मी जिवंत आहे ना."

पुढची गाडी सरकली. मागून कोणीतरी हॉर्न दिला. टिल्ली स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. मला वाटलं ओरडेल. मला ते चाललं असतं. तिने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. गाडी गप्प झाली तेव्हा कळलं की तो आवाज किती मोठा होता.

"बाबा, कार्ड देऊन ये," ती म्हणाली.

वेळेचं कार्ड बाजूच्या माणसाच्या ताब्यात असतं. गाडीने माघार घेतली तर तेही त्यानेच नेऊन द्यायचं. तो उतरला. हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले. फाटकापाशी टेबल होतं. टेबलावरच्या माणसाने एक कागद पुढे केला, सही करा म्हणाला. माझा मुलगा पेन घेऊन उभा राहिला. कुठे सही करायची ते त्याला सापडेना. त्या माणसाने रेघेवर बोट ठेवलं. मी हे लांबून पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागले.

पाना धावत आला होता. बोर्डावर आमच्या आकड्यापुढे आडवी रेघ मारली गेली. "काय झालं काकू? गिअर गेला का?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "हो." पुढे टिल्लीने त्याला काय सांगितलं ते तिचं ती जाणे.

सुनेला मी फोन केला. "संपलं," म्हटलं. तिने विचारलं, "कितवी?" मी म्हटलं, "घरी येते. जेवायला तिघेही आहोत."  ती म्हणाली, "बरं. सावकाश या." ती साडेतीन नाही. मी तिला उगाच साडेतीन म्हणते.

टिल्लीला त्या मोठ्या टीमने बोलावलं नाही. ती बापाशी आठवडाभर बोलली नाही, आणि बाप माझ्याशी दहा दिवस. तो ताट घेऊन खिडकीत जेवायचा. अकराव्या दिवशी म्हणाला, "तू माझ्या काचेवर का नाही वाजवलंस?"

मी म्हटलं, "तू म्हणाला असतास, आई, ते एक वळण आता सांग, बाकी पाठ आहे."

त्याने विचार केला. "म्हणालो असतो," तो म्हणाला, आणि ताट घेऊन टेबलाशी आला.

डोळे केले. आधी उजवा, मग डावा. पट्टी निघाली त्या दिवशी तो घरभर फिरत होता. पंख्यावरची धूळ, भिंतीची चीर, सगळं नव्याने सापडल्यासारखं दाखवत. माझ्यासमोर येऊन थांबला. "आई, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू पाठांतर करत होतास तेव्हा."

टिल्लीच्या बाजूला आता दुसरी मुलगी बसते. ती विमा कंपनीत काम करते, अंगाने काडी, आवाज मात्र स्टेशनवर गाड्या पुकारतात तसा कोरडा. ब्रेकमास्तरने तिला दीड महिना खोट्या गाडीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तयार केलं. स्वतः मागे उभा. "अर्धा श्वास आधी," तो तिला सांगायचा. "वळण दिसल्यावर सांगायचं असेल तर तुझी गरज काय? तिलाही डोळे आहेत." मुलगी हुशार आहे. वाचते ती वाचतेच. ओळीच्या शेवटी थांबते. मी पहिल्याच दिवशी ऐकून घेतलं.

मोसमातली शेवटची रॅली झाली ती गेल्या महिन्यात. आम्ही दोघं गेलो. रस्ता जिथे संपतो तिथे दोरी बांधली होती, दोरीमागे माणसं. मी माझी घडीची खुर्ची उघडली. तो उभा राहिला.

"बस," मी म्हटलं.

"बसवत नाही."

आमच्या आधीची गाडी आली, धूळ उडवून गेली. दोन मिनिटांनी टिल्ली यायला हवी होती. दोन झाली. तो पुढे झाला, दोरीला पोट लागेपर्यंत. तीन झाली. त्याने दोरीपाशी उभ्या असलेल्या वॉकीटॉकीवाल्याला विचारलं. त्याला काही माहीत नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं. "काका, कळलं की सांगतो," तो माणूस म्हणाला. माझा मुलगा परत माझ्याजवळ आला, परत गेला. टिल्लीच्या मागून सुटलेली गाडी आली. तिच्या नाकावरचा आकडा त्याने मोठ्याने वाचला. आता त्याने माझा हात धरला.

"रस्त्याच्या कडेला कोणी थांबलेलं दिसलं असतं तर हिने सांगितलं असतं ना? आत्ता आली त्या गाडीने?"

"सांगितलं असतं."

"मग?"

"मग काही नाही. हात सोड, हाड मोडेल."

त्याने सोडला नाही. त्याचा उजवा पाय खाली दाबला जात होता, पुन्हा पुन्हा, मातीत खळगा पडेपर्यंत. पाच मिनिटं झाली. सहा झाली. लोक घड्याळाकडे बघायला लागले आणि मग आमच्याकडे. मला त्या नजरा ओळखीच्या होत्या. त्याला नव्हत्या. तो इतकी वर्षं गाडीच्या आत होता. आत बसलेल्याला काय भीती वाटत असेल ते मला माहीत नाही, पण ती वेगळी असणार. तिथे निदान हाताला काम असतं.

सातव्या मिनिटाला खडखडाट आला. गाडी आली, हळू, एक चाक नुसतं लोखंडाचं, टायरच्या चिंध्या मागे फरपटत. आत दोन गोल डोकी. डावीकडचं आणि उजवीकडचं. दोन्ही सरळ.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलाने वाजवल्या नाहीत. तो तिथेच मातीत खाली बसला, पाय पसरून, मुलं बसतात तसा.

"आई," तो म्हणाला, "मला नाही जमायचं हे."

"कोणालाच जमत नाही."

"मग तू कसं…"

"दोन वाजता पुढचा रस्ता आहे," मी म्हटलं, आणि त्याच्या हातात बाटली दिली. "तोवर पाणी पी. आणि पुढच्या वेळी खुर्ची आणत जा स्वतःची."